गुलाबाचा वाटा

नवरात्र बसलं आणि पाटीदारांच्या शेडमध्ये बटाट्याचं बियाणं कापायला सुरुवात झाली. त्या रांगेत मंगला घोगरे मजुरीला येऊन बसली, हे गावाला आधी खरंच वाटेना. सोनपिपल्यात बटाटा म्हटला की घोगऱ्यांची थोरली सून, असं लोक बोलायचे. दर साली तिच्याच ओसरीवर बाया बियाणं कापायला यायच्या आणि ही त्यांच्या डोक्यावर उभी राहून ओरडायची. आता हिच्या डोक्यावर बेबी उभी होती.

बेबी म्हणजे शेडवरची मुकादमीण. वय मंगलाच्या लेकीएवढं, आवाज ठाणेदाराचा.

"काकीजी, तुकडे मोठे होताहेत. एका बटाट्याचे चार झाले पाहिजे. सेठानीजी चिडतात मग."

"चार केले तर एखाद्याला डोळाच राहत नाही. डोळ्याशिवाय कोंब काय तुझ्या डोक्यातून फुटणार?"

"ते सेठानीजींना सांगा ना. मला कशाला सुनावता?"

मंगलानं ओठ आवळले आणि मुकाट चार तुकडे करायला लागली. बटाटा कोल्ड स्टोरेजमधून तसाच उचलून आणलेला. खरं तर तो चार दिवस सावलीत पसरून ठेवायला हवा, पण पाटीदारांना घाई. बोटं बधिर व्हायची, चाकू कुठे लागला ते रक्त दिसल्यावर कळायचं. वर तुकडे सडू नयेत म्हणून त्यांना राख चोळायची, म्हणजे बोटांच्या चिरांत ती भरून चुरचुर. मांडी घालून घालून डावा गुडघा उचलेनासा झाला होता. पण खोटं कशाला बोला, गुडघ्याचं तिला काही नव्हतं. तिला दुःख होतं ते शेडच्या दारात थांबलेल्या स्कूटीचं.

स्कूटीवरून रुपाली उतरली. मंगलाची धाकटी जाऊ. ओढणी तोंडाला गुंडाळलेली, हातात रबरी मोजे.

"मजुरीला स्कूटीवरून येतेय, महाराणी," मंगला बटाट्याला म्हणाली.

"भाभी, इथे या, काकीजींच्या बाजूला जागा आहे," बेबीनं हाक मारली. "घरच्याच तर आहात."

रांगेतल्या बाया खाली माना घालून हसल्या. गावात कुणाला ठाऊक नव्हतं की ह्या दोघी जावा वैशाखातल्या आखातीजेपासून एकमेकींशी बोलत नाहीत, इंदूरच्या कोर्टात समोरासमोर उभ्या आहेत, आणि म्हणून तर दोघींवर लोकांचे बटाटे चिरायची पाळी आलीय? रुपाली येऊन बसली. मोजे घातलेल्या हातांनी तिनं भराभर तुकडे पाडायला सुरुवात केली.

"बघा, भाभी कसे बारीक बारीक करतात," बेबी म्हणाली.

त्यातल्या निम्म्यांना डोळा नव्हता. मंगलाला ते दिसत होतं आणि बोलता येत नव्हतं. ती नुसती आतून धुमसत राहिली.

*

झालं होतं असं. घोगऱ्यांचे पणजोबा होळकरांच्या फौजेत घोडेस्वार. त्यांना मिळालेल्या जमिनीतली आता दोन शेतं उरली होती. एक कुव्याचं, म्हणजे विहिरीजवळचं, काळंभोर, हाताला मऊ. दुसरं बरडं, टेकडाच्या अंगाचं, मुरमाड. सासऱ्यांनी वाटणी केली नाही. एक साल कुवा थोरल्या मालोजीकडे आणि बरडं धाकट्या उदयसिंहाकडे. आखातीज आली की अदलाबदल. दोघा लेकांना चांगलं-वाईट सारखंच मिळावं, हा म्हाताऱ्याचा विचार. विचार छान होता, पण सुना कुठे म्हाताऱ्याला विचारून जळणार होत्या? आपल्या सालात शेतात खत घालायचं कुणी? घातलं, तर पुढच्या साली त्यावर जावेचं पीक डोलणार. मंगलानं आपला उकिरडा परक्याला विकला, पण एक पाटी कुव्यात टाकली नाही. रुपालीनंही नाही. दोन्ही शेतं उपाशी, आणि तरी मंगलाला दर साली वाटायचं की आपल्या सालापेक्षा तिच्याच सालात जास्त पिकतं.

गेल्या साली कुव्याची पाळी रुपालीची होती. तिनं निम्म्या शेतात गुलाब लावले. देशी गुलाब, गुलाबी, वासाचे. रुपालीचं माहेर इंदूरच्या स्नेहलतागंजातलं, शहरातलं. शेतीतलं तिला काय कळतंय म्हणून मंगला आधी हसली होती. मग फुलं आली. रुपाली स्कूटीवर टोपल्या बांधून राजवाड्याकडे फुलवाल्यांना द्यायला जाऊ लागली. परत यायची ती अंगाला वास घेऊन. गावातल्या बाया म्हणायच्या, "रुपालीभाभींचे गुलाब काय सुंदर हो!" मंगलानं इतकी वर्षं बटाटा पिकवला, ट्रकच्या ट्रक भरले. 'मंगलाकाकींचे बटाटे काय सुंदर हो' असं कधी कुणी म्हणालं होतं? सकाळी वारा तिकडून आला की मंगला खिडकी लावून घ्यायची. वास आवडायचा म्हणून जास्तच राग यायचा.

आखातीजेला उदयसिंह ओसरीवर येऊन बसला. "वहिनी, यंदा तुम्ही बरडंच ठेवा. गुलाब काय एका सालात उपटतात, यार? पुढे बघू काहीतरी."

"पुढे बघू म्हणजे काय बघू? पाळी आमची आहे."

"अहो, पण फुलं आत्ता कुठे लागताहेत..."

"उपटा," मंगला म्हणाली.

मालोजी तंबाखू मळत बसला होता. तो जन्मात कुणाला 'उपटा' म्हणाला नव्हता आणि 'नका उपटू' असंही म्हणाला नव्हता. मंगलानंच त्याला बसमध्ये घातलं आणि तुकोगंजातल्या वकिलाकडे नेलं. वकील म्हणाले, "केस सरळ आहे, पाळी तुमचीच." ते ऐकून मंगलाला इतकं बरं वाटलं की तिनं त्यांना नमस्कारच केला. कुव्यावर स्टे आणला. चारच दिवसांत उदयसिंहानं बरड्यावर स्टे आणला. निकाल लागेपर्यंत दोन्ही शेतांत कुणी काही पेरायचं नाही, कुणी काही उपटायचं नाही.

सोयाबीन गेलं. पावसाळा सबंध गेला. कुव्याच्या शेतात गवत माणसाच्या कमरेला लागलं. गुलाबांना ना छाटणी, ना खुरपणी. फुलं झाडावरच वाळून काळी पडली. मंगला बांधावरून बघायची. आधी आधी तिला गोड वाटलं, खरंच वाटलं. मग दिवाळी जवळ यायला लागली. दिवाळीच्या आत बटाटा जमिनीत गेला नाही तर साल गेलं, आणि स्टेचा कागद काही कोंब धरत नव्हता.

तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ह्या बाकावर हे दोघं, त्या बाकावर ते दोघं. भूक लागली की एकाच ठेल्यावरचे पोहे खायचे, पण दोन टोकांना उभं राहून. रुपाली प्लेटवर जिरावण मसाला मागून घ्यायची. मंगलालाही हवं असायचं, पण तिनं मागितलंय म्हणून ही मागायची नाही. फिकेच पोहे गिळायची. पुकारा व्हायचा, पुढची तारीख मिळायची, बस पकडायची.

एका तारखेला मंगला मधेच उठून बोलली. वकिलांनी हात धरला तरी बोलली. "साहेब, माझा बटाटा जाईल हो!"

जजसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, साक्षीपुरावे व्हायचेत. मग हरेल तो अपिलात जाईल. बटाटा तोवर थांबतो का?"

"नाही थांबत."

"सख्खे भाऊ आहात. मध्यस्थीला बसून बघा. नाही जमलं तर दावा इथेच आहे, कुठे पळून जात नाही."

*

मध्यस्थी म्हणजे काय, ते मंगलानं मनात आधीच ठरवून टाकलं होतं. चार शहाणी माणसं बसणार आणि म्हणणार, थोरल्या आहात, मन मोठं करा, सोडून द्या. थोरलेपण मिरवायला ती कधी मागे नव्हती, पण सोडून द्यायला? हट्! तिनं जातानाच मालोजीला बजावलं, "मान हलवायची नाही. नाहीतर तुम्ही बसाल नंदीसारखे."

मध्यस्थीच्या खोलीत साक्षीचा पिंजरा नव्हता, जजची उंच खुर्ची नव्हती. एक गोल टेबल आणि भोवती खुर्च्या. अनुश्री मॅडम मध्यस्थ. चाळिशीच्या, आवाज हळू. त्यांनीच उठून सगळ्यांना पाणी दिलं.

"मी निकाल देणार नाही," त्या म्हणाल्या. "इथे बोललेलं कोर्टात जाणार नाही. दोघांनाही पटलं तरच कागद होईल. एकाला जरी नाही पटलं तरी नाही होणार."

"म्हणजे खरं कोण, खोटं कोण, हे तुम्ही सांगणार नाही?" मंगलानं विचारलं.

"नाही."

"मग बसायचं कशाला?"

"बटाटा लावायचाय ना तुम्हाला?"

मंगलानं खुर्ची पुढे ओढली. उदयसिंह म्हणाला, "वहिनींनीच सुरुवात केली," आणि मग काय विचारता! मोटर कुणी जाळली, लिंबाची फांदी कुणी तोडली, सासूबाईंच्या आजारपणात दवाखान्यात कोण बसलं, रुपालीच्या बाळंतपणात कुणी डिंकाचे लाडू पाठवले नाहीत. कोर्टात असलं काही काढलं की वकील डोळे वटारायचे, 'ह्याचा दाव्याशी संबंध नाही' म्हणायचे. इथे मॅडम ऐकत होत्या. मधे एकदा फक्त म्हणाल्या, "एकेक जण बोला, मला दोन्हीकडचं ऐकायचंय." बोलून बोलून उदयसिंहाचा घसा बसला. मंगला पण दमली.

मग मॅडमनी विचारलं, "ही आखातीजेची अदलाबदल, ही कुणाकुणाला हवीय?"

मालोजीनं खाली बघितलं. उदयसिंहानं रुपालीकडे बघितलं.

"मला नकोय," रुपाली हळूच म्हणाली. "एका सालात काय लावणार माणूस?"

"मला कधीच नको होती," मंगला म्हणाली. "दगड उचलून शेत साफ करायचं, आणि मग द्यायचं."

"आम्हाला पण नको," मालोजी म्हणाला, आणि सगळ्यांनी चमकून त्याच्याकडे बघितलं, कारण तो बोलला होता.

आखातीजेपासून दोन वकील, ढीगभर कागद आणि कोर्ट एकाच गोष्टीवर भांडत होतं की यंदा पाळी कुणाची. आणि पाळी तर चौघांतल्या एकालाही नको होती! हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. मंगलाला स्वतःचाच इतका राग आला की तिनं ग्लासातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"मग कायमची वाटणी करू," मॅडम म्हणाल्या. "कशी करायची ते तुम्हीच सांगा."

"आमच्यात थोरल्यानं वाटे घालायचे," उदयसिंह म्हणाला, "आणि धाकट्यानं आधी उचलायचा. आजोबांपासून तसंच आहे."

"चालेल?" मॅडमनी मालोजीला विचारलं.

"वाटे हिला घालू द्या," मालोजी म्हणाला. "मी घातले तर जन्मभर मला ऐकावं लागेल."

*

वाटे घालणं सोपं वाटतं. बघा घालून कधी. मंगला खुंट्या, दोर आणि कोयता घेऊन कुव्याच्या शेतात उतरली. गवत कापत, चिखल तुडवत तिनं सगळं शेत पायाखाली घातलं. इथे पाणी साचतं, इथे खाली मुरूम लागतो, इथे नांगर सोन्यासारखा चालतो. ती एक खुंटी ठोकायची, मागे सरायची, त्या वाट्यात मनानं रुपालीला उभी करायची, आणि लगेच तोच वाटा चांगला वाटायचा. खुंटी उपटून इकडे सरकवायची. मग इकडचा चांगला वाटायचा. हातांना फोड आले. मालोजी लिंबाखाली बसून दोर धरायचा आणि सोडायचा, धरायचा आणि सोडायचा.

"अगं, कुठेतरी थांब की आता."

"तुम्हाला काय जातंय थांब म्हणायला? उचलणार ती आहे."

शेवटी वाटे पडले. शेताचा अर्धा भाग कुव्याला लागून, भुसभुशीत, खास बटाट्याचा. त्याला बरड्याचा लहान तुकडा. हा कुव्याचा वाटा. दुसरा अर्धा गुलाबांचा. माती जरा जड, म्हणून त्याला बरड्याचा मोठा तुकडा. पाणी दोघांत आळीपाळीनं. खरं सांगायचं तर वाटे बरोबर पडले होते, काटा इकडे नाही की तिकडे नाही.

पण मंगलाला कुव्याचा वाटा हवा होता. आणि तिच्या कानावर आलं होतं की उदयसिंहालाही तोच हवाय. बेबीच म्हणाली होती शेडमध्ये, "भाभी म्हणत होत्या, गुलाब तर गेले आता, ह्यांना बटाटा करायचाय." त्या दिवसापासून मंगलाचा जीव थाऱ्यावर नव्हता. धाकटे आधी उचलणार. मग मंगलानं एक युक्ती काढली. युक्ती म्हणजे तिच्या स्वभावातूनच निघालेली. तिला स्वतःला कायम काय हवं असायचं? जे रुपालीला हवंय ते. तर मग रुपालीलाही तसंच होत असणार! आपण गुलाबांकडे जीव टाकून बघायचं. आपल्याला ते हवेत असं दिसलं की ती झडप घालणार, आणि कुवा आपल्याला सुटणार.

वाटा उचलायच्या दिवशी चौघं शेतात जमले. मंगला गुलाबांपाशी जाऊन उभी राहिली. झाडं नुसत्या काटक्या झालेली, पण एका फांदीला दोन फुलं होती. तिनं एक फूल हातात धरलं, वाकून वास घेतला. डोळे पुसल्यासारखं केलं. हळूच मागे बघितलं. रुपाली बघत होती. मंगलानं मोठा सुस्कारा सोडला.

उदयसिंह म्हणाला, "रुपाली, तू बोल. आपण कुवा..."

"थांबा जरा," रुपाली म्हणाली. तिनं गुलाबांकडे बघितलं, मंगलाकडे बघितलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "आम्ही कुव्याचा उचलतो. गुलाब ताईंना राहू दे."

उदयसिंह खूश झाला. "चलो, झालं!" म्हणून त्यानं मालोजीच्या पाठीवर थाप मारली. मंगलाच्या हातातलं फूल तसंच हातात राहिलं. ती म्हणणार तरी काय? वाटे तिचेच, खुंट्या तिच्या, सुस्कारा पण तिचाच.

त्या रात्री आणि पुढच्या सगळ्या दिवसांत ती घरात कुणाशी धड बोलली नाही. शेडमध्ये रुपाली शेजारी बसून बियाणं कापायची. पूर्वीसारखी तोंड फिरवून नाही. आता अधूनमधून बघायची, आणि डोळे सुजलेले असायचे. 'बटाट्याची जमीन मिळाली तरी रडतेय, ढोंगी कुठली,' मंगला मनात म्हणायची. मग एका दुपारी चहाच्या वेळी बेबीनं विचारलंच, "भाभी, तुम्ही गुलाब का सोडले हो? जीव होता ना तुमचा?"

"ताईंना फार आवडतात ते," रुपाली म्हणाली. मंगला ऐकतेय हे तिला ठाऊक नव्हतं. मंगला पोत्यांच्या मागे राख घ्यायला गेली होती. "त्या दिवशी बघितलं मी. रडत होत्या हो त्या. मला काय ठाऊक, इतके दिवस त्यांना ते आवडत होते म्हणून. नाहीतर मी आधीच सोडले असते."

मंगला राखेची पाटी धरून तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, कुणीतरी येऊन दोन थोबाडीत द्याव्यात.

*

सहीच्या दिवशी गोल टेबलावर कागद मांडलेले होते. मॅडमनी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कुव्याचा वाटा उदयसिंहाला, गुलाबांचा मालोजीला, दोन्ही दावे मागे. "मंजूर?"

"मंजूर," मालोजी म्हणाला. "मंजूर," उदयसिंह म्हणाला. रुपालीनं मान हलवली.

मंगला कागदाच्या कडेवरून नुसतं बोट फिरवत राहिली. मॅडमनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर बसता का? मला ह्यांच्याशी एकटीशी बोलायचंय."

दार लागलं. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या बसून राहिल्या. त्यांनी रागावून विचारलं असतं तर मंगला भांडली असती. त्या गप्प बसल्या म्हणून हिचा बांध फुटला. खोटं वास घेणं, खोटे डोळे पुसणं, सगळं सांगितलं. आणि ते सांगता सांगता सुरुवातीपासूनचं पण सांगितलं.

"जळते मी तिच्यावर. लग्न होऊन आली तेव्हापासून जळते. तिची स्कूटी बघून जळते, तिचा नवरा तिला विचारतो ते बघून जळते. गुलाब मला नको होते. तिचे नसावेत, एवढंच हवं होतं. आता माझे झाले तर मला करायचेत काय ते? आणि ती वेडी, ती मला आवडतात म्हणून..." पुढचं पदरात गेलं.

मॅडमनी पाणी पुढे केलं. "हे ह्या खोलीतून बाहेर जाणार नाही. मी कुणाला सांगणार नाही."

"कोर्टात सांगितलं असतं तर?"

"कोर्टात हे तुम्हाला कुणी विचारलं नसतं."

"आणि आता मी सही केली तर?"

"तर गुलाब तुमचे. दिवाळीच्या आत ते उपटून तुम्ही बटाटाही लावू शकता. कुणी अडवणार नाही."

मंगलाच्या डोळ्यांसमोर कुदळ आली. त्या काटक्या मुळासकट निघताना आल्या. आखातीजेला ती 'उपटा' म्हणाली होती, आता तिला कुणी नाही म्हणणार नव्हतं. आणि बांधापलीकडे रुपाली पाठ फिरवून उभी असणार.

"आणि सांगितलं तर?"

"तर त्या काय म्हणतील, ते मला नाही ठाऊक."

मंगला उठली. गुडघा धरत दारापर्यंत गेली, दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या जावेला हाक मारली. आखातीजेनंतर पहिल्यांदाच नाव घेतलं तिचं. "रुपाली, आत ये. तुम्ही दोघं बाहेरच बसा."

उभ्या उभ्याच सांगितलं. लपवलं काही नाही, सुस्काऱ्याचंही सांगितलं. रुपाली ऐकत होती आणि तिचा चेहरा लाल लाल होत चालला होता.

"म्हणजे नाटक होतं ते?"

"हो."

"मी चार दिवस जेवले नाही, ताई! त्या एकेका झाडाला मी हातानं पाणी घातलंय. आणि तुम्ही नाटक करत होतात?" तिनं पर्स टेबलावर आपटली. "नालायक बाई आहात तुम्ही!"

"आहे," मंगला म्हणाली. "तुझे गुलाब तू घे. मला नको. कुव्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. नाही दिलात तरी मी बोलणार नाही."

मॅडम कागदावरून बघत होत्या, मधे पडल्या नाहीत. रुपालीनं खुर्ची ओढली आणि धपकन बसली. नाक पुसलं. मग एकदम हसायलाच लागली, रडत रडत हसायला लागली.

"कुवा घ्या तुम्ही. मला तरी काय करायचाय? सासूबाई जाईपर्यंत तुमच्याच बटाट्याचं नाव घ्यायच्या. मी लावला त्या साली सगळा सडला, तुम्हाला आठवतंय? व्यापारी पोतं न उघडता तुमचा उचलून न्यायचा, आणि माझ्याकडचा बोटानं दाबून दाबून बघायचा. मी घरी येऊन रडायची. म्हणून तर गुलाब लावले मी. बटाट्यात तुमच्यापुढे कुणाचं चाललंय?"

मंगला तोंड उघडं टाकून बघत राहिली. "तू? माझ्या बटाट्यावर?"

"मग काय! अजून जळते. आता तो कुव्याचा चांगला तुकडा कायमचा तुमचा होणार, आणि मी बांधापलीकडून बघत बसणार."

मॅडमनी पेन काढून कागदावर दोन नावांची अदलाबदल केली. बाहेरच्या दोघांना आत बोलावलं. उदयसिंह कागद बघून म्हणाला, "अरे, हे काय? मी तर बटाटा..." रुपालीनं नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मंजूर भिया, मंजूर."

मालोजीनं सही केली. उदयसिंहानं केली, रुपालीनं केली. कागद मंगलापुढे आला. तिनं पेन हातात घेतलं, पण टेकवेना. तिचे कान तापले होते आणि चेहऱ्यावर एक असं हसू येत होतं, जे मालोजीनं लग्नानंतर क्वचितच बघितलं असेल.

"काय झालं आता?" मॅडमनी विचारलं. "मंजूर नाही का?"

"मंजूर आहे हो." मंगला जावेकडे वळली. "रुपाली, मघाशी काय म्हणालीस तू?"

"काय म्हणाले?"

"ते बटाट्याचं. परत एकदा म्हण ना."

रुपालीनं कपाळावर हात मारून घेतला. "जळते मी तुमच्यावर, ताई. बस?"

"मोठ्यानं म्हण. ह्यांना ऐकू आलं नाही."

रुपालीनं मोठ्यानं म्हटलं, आणि मंगलानं सही केली.